लोणारभर ज्वारी आणि त्रेपन्न प्रश्न

बोटांवर मोजा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. झाले सहा. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. झाले तेरा. बुलढाणा जिल्ह्याचे तालुके संपले. दोन हातांच्या बोटांत मावत नाहीत, पण त्यासाठी तिसरा माणूसही बोलवावा लागत नाही.

आता समजा, या तेराही ठिकाणी एकेकदा जायचं आहे आणि क्रम तुम्ही ठरवायचा आहे. असे वेगवेगळे क्रम किती निघतील? मनात येईल तो आकडा बोला. हजार? लाख? चला, धाडस करून एक कोटी म्हणा.

अजून फार लांब आहात!

हळूहळू चढू या. दोन गावं असतील तर क्रम २. तीन असतील तर ६. चार झाली की २४, पाच झाली की १२०. इथपर्यंत सगळं पाटीवर मावतं. सहाव्या गावाला ७२०, सातव्याला ५,०४०. प्रत्येक नवं गाव आधीच्या सगळ्या पसाऱ्याला आपल्या नंबरानं गुणतं. दहाव्या गावाला आकडा ३६ लाखांच्या पुढे जातो. अकराव्याला जवळजवळ चार कोटी, बाराव्याला जवळजवळ ४८ कोटी. आणि तेरावं संग्रामपूर आलं की ६२२ कोटी ७० लाख २० हजार ८००.

सहाशे बावीस कोटी! एकाच जिल्ह्यात फिरायचे रस्ते!

सेकंदाला एक या वेगानं, न झोपता, न जेवता हे क्रम नुसते वाचत बसलात तर १९७ वर्षं लागतील. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे सुटली १८५३ साली. ती गाडी सुटण्याच्याही आधी वाचायला बसला असता, तर आत्ता कुठे शेवटच्या पानावर आला असता. प्रत्येक क्रमासाठी रुपयाचं एक नाणं जमिनीवर ठेवा. नाणं दोन सेंटिमीटरचं धरू. ही रांग होते १ लाख २४ हजार ५४० किलोमीटर. पृथ्वीला तीन वेढे घालून वर उरते. मुंबई-पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर, म्हणजे डेक्कन क्वीननं रोज जाऊन रोज परत यायचं आणि हे ३२४ दिवस करायचं, तेव्हा कुठे या रांगेची लांबी कापून होईल.

पण आपण बुलढाण्यात आहोत. इथे नाण्यापेक्षा ज्वारीनं मोजलेलं बरं. ज्वारीचा एक दाणा साधारण ३० मिलिग्रॅमचा, म्हणजे किलोत ३३ हजारांवर दाणे. एका क्रमाला एक दाणा दिला, तर तेरा तालुक्यांच्या क्रमांना १,८६८ क्विंटल ज्वारी लागते. दहा टनांचे १९ ट्रक खामगावच्या बाजार समितीच्या दारात उभे करा. तेवढे दाणे, तेवढे क्रम.

आणि आता मी एकच नियम सांगतो.

आपल्या जिल्ह्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं की गावं दोन प्रकारची: घाटावरची आणि घाटाखालची. वर मोजताना पहिले सहा आले ते घाटावरचे, नंतरचे सात घाटाखालचे. नियम असा: आधी घाटावरचे सगळे तालुके उरकायचे, मगच घाट उतरायचा. बस, एवढंच. यात कुठे गणित नाही, कुठे सूत्र नाही. घाट उतरायचा तो एकदाच.

घाटावरच्या सहांचे क्रम ७२०. घाटाखालच्या सातांचे ५,०४०. गुणाकार ३६ लाख २८ हजार ८००.

६२२ कोटींचे उरले ३६ लाख! १९ ट्रक ज्वारीतलं उरलं एक पोतं आणि वर नऊ किलो! १९७ वर्षांचं वाचन आलं बरोबर ४२ दिवसांवर. एका वाक्यानं सतराशे सोळा भागांतले सतराशे पंधरा भाग उडवून लावले.

या ३६,२८,८०० आकड्यापाशी मला क्षणभर थांबायचंच आहे, कारण तो आपल्याला आधी कुठेतरी भेटलेला आहे. बुलढाण्याला लागून जळगाव जिल्हा. त्यातल्या चाळीसगावजवळ पाटणे, पाटणादेवीचं. तिथे भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं, चांगदेवानं, मठ काढला त्याची नोंद त्यात आहे. या भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘लीलावती’ रचली आणि तिच्या शेवटी ‘अंकपाश’ हे प्रकरण घातलं. हे प्रकरण म्हणजे क्रम मोजण्याचंच गणित. तिथे ते विचारतात: शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ, धनुष्य अशी दहा आयुधं अदलाबदल करून दिली तर मूर्तीचे प्रकार किती होतील? आणि चार हातांच्या हरीचे किती? हरीचे २४. आणि शंभूचे?

३६ लाख २८ हजार ८००.

तोच आकडा! एकही कमी नाही, एकही जास्त नाही. घाटावर सहा आणि घाटाखाली सात तालुके असलेल्या जिल्ह्यात एकदाच घाट उतरून फिरायच्या वाटा, आणि दहा हातांच्या शंभूची रूपं, दोन्ही नेमकी सारखी. हे कसं? ७२० म्हणजे आठ गुणिले नऊ गुणिले दहा. सात तालुक्यांचं ५,०४० जिथे थांबतं, तिथून घाटावरचे ७२० आकड्याला उचलतात आणि दहापर्यंत पोचवतात. मला तरी या जुळणीचा आनंद आवरत नाही. कागदावर गुणून बघा, तुम्हालाही आवरणार नाही.

आता दुसरा नियम. सुरुवात जिजाऊंच्या सिंदखेडराजातून करायची आणि शेवट शेगावात, गजानन महाराजांच्या दर्शनानं. घाटावर मोकळे राहिले पाच तालुके, घाटाखाली मोकळे राहिले सहा. १२० गुणिले ७२० बरोबर ८६,४००. ओळखीचा वाटतो ना? एका दिवसात सेकंद किती असतात? ८६,४००! १९७ वर्षं होती, मग ४२ दिवस झाले, आता बरोबर एक दिवस. सूर्योदयाला वाचायला बसा, दुसऱ्या सूर्योदयाला उठा. आणि ज्वारी? अडीच किलोच्या थोडी वर. १९ ट्रकांचं दळण आता एका पिशवीत आलं.

हाच तो खेळ आहे, जो बुलढाण्यापासून मलकापूरपर्यंतच्या अभ्यासिकांत शेकडो मुलंमुली रोज खेळतात. पोलीस भरती, तलाठी, बँक, एमपीएससी, पेपर कुठलाही असो, बुद्धिमत्ता चाचणी असते आणि त्यात बैठक व्यवस्था असते. आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, अमुक तमुकाच्या डावीकडे आहे, तमका टोपीवाल्यासमोर आहे, तर डॉक्टर कोण? आठांची गोल मांडणी ५,०४० प्रकारे होते. सेकंदाला एक तपासली तरी ८४ मिनिटं लागतील. २०२३ च्या तलाठी भरतीत १२० मिनिटांत १०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. तरीही मुलं सोडवतात! कारण ती मांडण्या तपासत नाहीत. ती नियमांची कात्री चालवतात.

या जातीच्या कोड्यांचा मेरुमणी १७ डिसेंबर १९६२ च्या ‘लाइफ इंटरनॅशनल’मध्ये छापून आला. ते आइन्स्टाइननं रचलं असं लोक सांगतात, त्याला पुरावा नाही. पाच घरं. प्रत्येकाचा रंग वेगळा, मालकाचा देश वेगळा, पाळीव प्राणी वेगळा, पेय वेगळं, सिगारेट वेगळी. पंधरा वाक्यं दिलेली. प्रश्न दोनच: पाणी कोण पितं आणि झेब्रा कुणाचा?

रंग लावायचे प्रकार १२०. देशांचे १२०. प्राण्यांचे, पेयांचे, सिगारेटींचे प्रत्येकी १२०. पाच वेळा १२० चा गुणाकार: २,४८८ कोटी ३२ लाख.

पाच घरांच्या आळीत अडीच हजार कोटी शक्यता! रुपयाची नाणी मांडा, रांग पावणेपाच लाखांच्याही पुढे, पाच लाख किलोमीटरला टेकते. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर आहे. रांग त्याला ओलांडून पुढे निघून जाते. ज्वारी मोजायची तर सहा मीटर रुंद, बारा मीटर खोल अशी शेतातली विहीर घ्या. अशा जवळजवळ तीन विहिरी तोंडापर्यंत भरतील. सेकंदाला एक शक्यता तपासली तर ७८८ वर्षं. आज संपवायचं असेल तर देवगिरीवर यादव राज्य करत असताना, १२७५ साली ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म झाला त्याच्याही तीन-चार दशकं आधी, तपासायला बसायला हवं होतं. बरं, एकट्यानं नको, वाटून घेऊ. त्या तलाठी भरतीला दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. दहा लाख जणांना हे कोडं सारखं वाटून दिलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला २४ हजार ८८३ शक्यता येतात. सात तासांचं काम. दहा लाख जणांना!

आता कात्री घ्या. माझ्याबरोबर या.

हिरवं घर हस्तिदंती घराच्या लगेच उजवीकडे आहे: पाचांतला एक भाग उरतो. मधल्या घरात दूध पितात: त्यातलाही पाचवा. नॉर्वेचा माणूस पहिल्या घरात राहतो: त्याचाही पाचवा. तीन वाक्यं, आणि ७८८ वर्षांची झाली सहा वर्षं आणि चार महिने. नॉर्वेवाल्याच्या शेजारचं घर निळं आहे. म्हणजे दुसरंच घर निळं, दुसरी जागाच नाही! सहावा भाग उरला. सहा वर्षांचे झाले ३८४ दिवस. इंग्रज लाल घरात राहतो: आठवा भाग, ४८ दिवस. हिरव्या घरात कॉफी: चौथा भाग, १२ दिवस, तेही बरोबर बारा. पिवळ्या घरात कूल्स सिगारेट: पाचवा भाग, अडीच दिवससुद्धा नाहीत. सात वाक्यं खर्च झाली आणि यादवांच्या काळापासून आपण परवाच्या दिवशी येऊन पोचलो. २,४८८ कोटींचे उरले २ लाख ७ हजार ३६०. तीन विहिरी ज्वारीतली सहा किलोच्या आसपास उरली. अजून अर्धी वाक्यं हातात आहेत!

इतका वेळ आपण पाच घरांत आणि तेरा तालुक्यांत फिरलो. आता जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला चला.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी भेंडवळच्या शेतात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघांपासून चालत आलेली, तीनशेहून अधिक वर्षांची सांगितली जाणारी ही रीत. मधोमध घट, आणि भोवती गोलाकार मांडलेली अठरा धान्यं: ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, बाजरी, गहू, हरभरा, करडी, जवस, अंबाडी, सरकी अशी. दुसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांची हालचाल बघून पीक-पाण्याचं भाकीत सांगतात, आणि ते ऐकायला शेतकरी लांबून येतात. भाकिताला मी हात लावत नाही. मला त्यातला नुसता अठरा हा आकडा उसना हवा आहे.

अठरा मुठी धान्य. एकापुढे एक मांडायची. क्रम किती?

तेरापर्यंत ६२२ कोटी झालेच आहेत. चौदावी मूठ: ८,७१७ कोटी. पंधरावी: १ लाख ३० हजार कोटी. सोळावी: जवळपास २१ लाख कोटी. सतरावी: साडेतीन कोटी कोटींच्याही वर. अठरावी मूठ ठेवली की आकडा असा: ६४ कोटी २ लाख ३७ हजार ३७० कोटी, ५७ लाख २८ हजार. कोटी हा शब्द इथे थकतो. ‘लीलावती’तली जुनी नावं काढावी लागतात: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. त्या भाषेत हे झाले सहा अंत्य, चार जलधी आणि वर काही.

सेकंदाला एक मांडणी केली तर वीस कोटी वर्षं. महाराष्ट्राचा काळा कातळ ज्या लाव्हापासून झाला, तो लाव्हा वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड तीनदा जन्माला यायचा, तेवढा काळ. सेकंदाला एक कोटी मांडण्या तपासणारं यंत्र आणा. तेही वीस वर्षं चालत राहील.

आणि एका मांडणीला ज्वारीचा एक दाणा दिला तर?

विहिरी साडेसात लाख लागतात. साडेसात लाख विहिरी डोळ्यांपुढे येत नाहीत. मग गाड्या मोजू. या ज्वारीचं वजन १९ कोटी टन. धान्याच्या एका मालगाडीत २,६०० टन भरले, तर गाड्या लागतील जवळपास ७४ हजार. एक गाडी साडेसहाशे मीटरची. डब्याला डबा लावून उभ्या केल्या तर ४८ हजार किलोमीटर! पृथ्वीचा घेर ४० हजारांचा, त्याला वेढा घालून इंजिन पुन्हा आठ हजार किलोमीटर पुढे. मुंबई ते पुणे २५० रूळ शेजारी शेजारी टाका आणि प्रत्येक रूळ बोरीबंदरपासून पुण्याच्या फलाटापर्यंत मालगाड्यांनी भरून टाका. एकही रिकामी जागा नाही. घाटातल्या बोगद्यांतसुद्धा ज्वारीच.

तरी डोळ्यांपुढे येत नाही? मग लोणारला चला. विवराच्या काठावर उभे राहा. काठापासून काठापर्यंत १.८ किलोमीटर, खाली तळ्याचा पसारा १.२ किलोमीटरचा, खोली १३७ मीटर. खाली उतरणारी माणसं मुंगीएवढी दिसतात. ढोबळ हिशेबानं या वाडग्यात साडेचोवीस कोटी घनमीटर माल मावेल. आणि आपल्या ज्वारीला जागा लागते साडेपंचवीस कोटी घनमीटर.

लोणार भरतं! तळं, झाडी, देवळं, सगळं ज्वारीखाली जाऊन विवर काठोकाठ भरतं, आणि वरून ज्वारी सांडते. भेंडवळच्या अठरा मुठींचे क्रम त्याच जिल्ह्यातल्या उल्केच्या खड्ड्यात मावत नाहीत. एका ताटात राहतील एवढ्या मुठी आणि त्यांच्या पोटात अख्खं लोणार.

आता या लोणारभर ज्वारीतल्या एका दाण्यावर कुणीतरी शेंदराचा ठिपका लावला आणि ढिगात कुठेतरी टाकून दिला, असं धरा. तुम्ही काठावर उभे आहात. फक्त हो किंवा नाही अशी उत्तरं मिळतील असे प्रश्न विचारायची मुभा आहे. ठिपक्याचा दाणा शोधायला किती प्रश्न लागतील?

पहिला प्रश्न: दाणा या अर्ध्यात आहे का? उत्तर आलं, अर्धं लोणार रिकामं झालं. दुसरा: या अर्ध्याच्या अर्ध्यात आहे का? पाव उरलं. प्रत्येक प्रश्नाला उरलेल्याचे दोन भाग. दहा प्रश्नांत ढीग हजारपट आटतो, वीस प्रश्नांत दहा लाखपट. वीस प्रश्न झाले, की साडेसात लाख विहिरींतली एक विहीरही भरत नाही, पाऊण विहीर उरते. एकतीस प्रश्न झाले, की एका पोत्याला जागा उरते. अडतीस प्रश्नांत किलोच्या आत. आणि त्रेपन्नाव्या प्रश्नाला ठिपका बोटाच्या चिमटीत!

त्रेपन्न. वीस कोटी वर्षं नव्हे, ७४ हजार मालगाड्या नव्हे. त्रेपन्न प्रश्न. सेकंदाला एक विचारला तर मिनिट पुरं व्हायला सात सेकंद शिल्लक.

पाच घरांच्या त्या कोड्याला याच मापानं पस्तीस प्रश्न पडतात. आपल्या तेरा तालुक्यांना तेहेतीस. पण यात एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. प्रश्न नुसता ‘चिखली मलकापूरच्या आधी येतं का?’ अशाच धाटणीचा असला पाहिजे, म्हणजे दरवेळी दोन नावांची तुलनाच करायची, अशी अट घातली तर तेराला तेहेतीस पुरत नाहीत. वॉर्सा विद्यापीठातल्या मार्चिन पेचार्स्की यांनी २००२ साली संगणकाकडून हे सिद्ध करून घेतलं: तेरा वस्तूंचा क्रम तुलनेनं लावायला चौतीस प्रश्न लागतातच, आणि चौतीस पुरतात. पोलंडमधल्या त्या गणिताचा आकडा नेमका आपल्या तालुक्यांचा निघाला.

पुढच्या वेळी बुलढाण्याहून एसटी राजूर घाट उतरायला लागेल, तेव्हा शेजारच्याला तेराही तालुक्यांचा कुठलाही क्रम कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगा. मग विचारायला लागा. ६२२ कोटींतला तो एक कागद आहे, आणि तुमच्याकडे चौतीस प्रश्न आहेत.